एकच गाठ

किरनापुरात दोन पिढ्या तुळसाबाईंच्या हाती जन्मल्या. मीही त्यांतलीच. पण सुनेला, रचनाला, कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी स्वतःच तिला बालाघाटच्या दवाखान्यात आणलं. "रगत कमी हाये तिचं. घरी नाही ठेवत म्या." मुलगा रवी उकव्याच्या खाणीवरून निघाला होता. कागद भरायला म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं होतं.

आता दार बंद होतं आणि तुळसाबाई बाकावर टिकत नव्हत्या. उठून दाराला कान लावायच्या.

"अम्मा, बैठिए ना," नर्स म्हणाली.

"बैठी तो हूँ," त्या उभ्यानंच म्हणाल्या.

त्यांचं मन जरा रमावं म्हणून मी पिशवीतली कविता काढली. बाळंतपणावरची, एका नव्या कवयित्रीची. तिच्यावर मला टिपण लिहायचं होतं. मी वाचायला लागले.

"थांबत काहून नाहीस? दम घे."

"थांबायची खूणच नाही, आजी. शेवटी 'नाळ' शब्द आहे, त्यापुढे तेवढा एक पूर्णविराम."

तो छपाईची चूक असावा, असं मी टिपणात लिहून ठेवलं होतं.

"लिहिणारी बाळंतीण झालती का?"

"माहीत नाही."

"मंग इचारून घ्याव ना! एवढं शिकून काय केलं?"

तेवढ्यात आतलं कण्हणं थांबलं. तुळसाबाई माझ्याकडे वळल्या.

"तुही येणी सोड."

"काय?"

"सोड म्हणलं ना!"

त्यांनीच माझं रबर ओढून काढलं. स्वतःचा अंबाडा सोडला, पिशवीची गाठ सोडली, माझ्या फाइलचा बंदही सोडला. कविता मांडीवरून घसरली.

"घरची कुलपंही उघडी टाकून आली म्या. बाई मोकळी होईस्तोवर कुठं गाठ नाही ठेवत. पहिली गाठ नाळेले."

मी खाली पडलेलं पान उचललं. शेवटच्या टिंबावर माझा अंगठा होता. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. तुळसाबाईंचे हात हवेतच कुणाचं तरी पोट चाचपत होते.

मग एक बारीक, चिडका आवाज आला. दार उघडलं.

"लड़की हुई है, अम्मा. दोनों ठीक हैं."

"नाळ बांधली?"

नर्सला कळलं नाही.

"नाल, नाल! बाँधी क्या?"

"हाँ, क्लिप लगा दी."

"क्लिप," त्या हळूच म्हणाल्या. हात अजून वर होते, तसेच राहिले.

मग त्यांनी मला खांद्याला धरून पाठमोरी बसवलं आणि वेणी घालायला घेतली. मी रबर पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. पदराच्या काठातून एक दोरा ओढून तोडला.

"हालू नको," त्या म्हणाल्या, आणि गाठ मारली.