जंतू वाढवणारे गृहस्थ

सत्तरच्या दशकात माझे वडील निमोनियाने सोलापूरच्या एका दवाखान्यात होते. पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती, तरी चौथ्या दिवशीही ताप हटेना. थुंकीची तपासणी झाली का, हे विचारायला मी प्रयोगशाळेत गेलो.

तिथले गृहस्थ पन्नाशीचे असतील. जंतू वाढवलेली काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरून ते औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्यांभोवतीची मोकळी जागा फुटपट्टीने मोजत होते. त्यांनी मला पेनिसिलिनची चकती दाखवली. जंतू तिला अगदी खेटून वाढले होते.

"हे जंतू पेनिसिलिनच फोडून टाकतेत की," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या औषधापाशी बगा, एकबी न्हाय."

शिपायाची वाट न बघता ते स्वतःच चिठ्ठी घेऊन वॉर्डात गेले. औषध बदललं आणि तिसऱ्या दिवशी वडील उठून बसले.

घरी निघताना मी त्यांना पेढे दिले. पेढा हातात तसाच धरून ते म्हणाले, "बरं वाटलं म्हणून गोळ्या मधीच सोडू नगा. अर्धमेला सुटलेला जंतू लई शाणा होऊन येतो."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गोळ्या संपेपर्यंत वडील रोज सकाळी हात पुढे करून म्हणत, "आण रे, तुझ्या त्या माणसाची गोळी."