आतोबांचा ऊन वारा

उभ्या नाशकात वाऱ्याची वाट बघण्यात आयुष्य घालवलेला माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा शाळेत ड्रॉइंग मास्तर. पौष-माघात सारं गाव शेगडीला चिकटलेलं असताना हे सुटीच्या दिवशी रंगांची पेटी घेऊन पांडवलेण्याच्या डोंगराखाली जाऊन बसत. भर थंडीत एखाद्या दुपारी त्या डोंगरावरून ऊन वारा, अगदी अंघोळीच्या पाण्यासारखा ऊन, उतरतो, असा त्यांचा दावा होता. आम्हा कुणाला तो कधी भेटला नाही, ही गोष्ट वेगळी. सत्याग्रहाच्या धामधुमीत एका हवालदाराने त्यांना हटकलं, तर म्हणाले, "वारा यायचाय. त्याचं चित्र काढायचंय." हवालदार म्हणाला, "कोन्त्या मोटारीनं येनार हाय तो, मास्तर?" आणि बिचारा स्वतःच तासभर शेजारी वाट बघत बसला.

वाकलेली झाडं, उडणारे पदर असलं काही ते काढायचे नाहीत. "ती झाडांची चित्रं झाली, वाऱ्याची नव्हेत." म्हणून नुसता डोंगर, पिवळं गवत आणि भलंमोठं आभाळ. चित्र पुरं झालं की आम्हाला समोर उभं करून विचारायचे, "अंगाला काय वाटलं?" 'छान आहे' म्हणणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळत नसे. मी एकदा लबाडी केली. चित्र बघता बघता गळ्यातला मफलर सोडला. "काटा आलाय की तुझ्या हातावर, गाढवा," म्हणाले आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. अशी कितीतरी चित्रं तिथे शिक्षा भोगत उभी होती. एका तरी माणसाला तो वारा लागावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि पेन्शन जवळ आली तरी तो माणूस सापडत नव्हता. मला खरंच वाईट वाटायचं.

आत्याला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. तिला त्यातलं काय कळतंय, हे दोघांनीही धरूनच चाललेलं. एका कडाक्याच्या सकाळी मी चहा घेत होतो, आतोबा दाढी करत होते आणि आत्या केर काढत होती. वाटेत नवं चित्र होतं. ते बाजूला ठेवताना ती जरा थांबली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "असं वारं सुटलं असतं, तर कोहळ्याचे सांडगे एका दिवसात वाळले असते हो."

आतोबांचा वस्तरा गालावरच राहिला.

ते चित्र मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं होतं. आतोबांनी ते स्वयंपाकघरात, चुलीसमोर टांगलं.

मी म्हटलं, "आतोबा, धुराने काळं पडेल."

"पडू दे," ते म्हणाले. "ती दिवसभर तिथेच असते."