शालिनीबाईंचा आवाज माझ्या माइकवर

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलेय. लिहिणाऱ्यांनी राग मानू नये, पण बहुतेक वेळा हसून सोडून दिलेत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते — माणिकपूरला, बावीस वर्षं झाली. काचपट्टीवर दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, एवढंच आम्हाला शिकवलंय. रोज लोकांचं रक्त, थुंकी हाताळून किळस नावाची गोष्टही केव्हाच संपली होती... असं मला वाटायचं.

गाण्याची आवड मात्र लहानपणापासून. म्हणून गोखिवऱ्याला एका संस्थेनं कम्युनिटी रेडिओ सुरू केला तेव्हा मी आपणहून गेले. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या गाळ्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र. लहानसा स्टुडिओ, भिंतींना फोम, मध्ये काच, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगला मेल्विन. चाळिशीचा, चर्चच्या कॉयरमध्ये गातो, कानाचा एकदम पक्का. दर रविवारी सकाळी अकराला आम्ही इथल्याच शास्त्रीय गायक-वादकांचा कार्यक्रम करायचो. आधी मी मुलाखत घ्यायची, मग त्यांनी गायचं. गोखिवरे-माणिकपूरला रेडिओ स्वच्छ लागतो. वसई गावात कधी लागतो, कधी नाही.

त्या आठवड्यात जे आले त्यांचं नाव देत नाही, बुवा म्हणते. साठीचे, मोठा शिष्यवर्ग, आणि स्वतः रचलेल्या बंदिशींसाठी प्रसिद्ध. मी आधी थोडी चौकशी केली होती. वसईतल्या दोन जुन्या गाणाऱ्यांनी एकच सांगितलं की बुवांचं सगळं शिक्षण शालिनीबाईंकडे झालं. शालिनीबाई म्हणजे वसईतल्या एका केळीच्या वाडीवाल्या घरातल्या बाई. लग्न केलं नाही, घराच्या ओटीवर बसून मुलांना गाणं शिकवलं, स्वतः बंदिशी रचल्या, कधी मोठ्या मंचावर गेल्या नाहीत. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

शनिवारी दुपारी तीनला रेकॉर्डिंग होतं. बुवा तोंडात तंबाखू घेऊनच आले. थुंकायला काही द्या म्हणाले, आणि मी बाहेर बघेपर्यंत आमच्या चहाच्या कपात थुंकलेसुद्धा. तो कप मुलाखतभर आमच्या दोघांच्या मध्ये होता. मी लॅबमध्ये याहून वाईट बघितलंय, पण त्या कपाकडे बघवेना.

मी शालिनीबाईंचा विषय काढला. बुवा हसले. म्हणाले, त्या आळीतल्या बायकांना भजनं शिकवायच्या, आपला काही संबंध नाही, आपण कुणाचेच शिष्य नाही. पुढे असंही म्हणाले की बायकांच्या डोक्यात बंदिश सुचतच नाही, सुचतो तो स्वयंपाक. मी ऐकून घेतलं. हो, मी माइकसमोर बसून मान हलवली... हे लिहिताना आजही लाज वाटते.

मग ते मुलतानी रागातली एक बंदिश गायले, "माझी रचना" म्हणून. तबला-तानपुरा त्यांच्या मोबाइलवर, म्हणजे खोलीत फक्त आम्ही दोघं. गळा चांगला आहे, नाही कशाला म्हणू? पण समेवर, म्हणजे ताल जिथं येऊन मिळतो त्या जागेवर, ते दोनदा घाईनं आले. मी गप्प बसून ऐकत होते.

सोमवारी लॅब सुटल्यावर मी एडिटिंगला गेले. मेल्विननं मला पाहताच हेडफोन पुढे केला आणि विचारलं, "मॅडम, बुवा गाताना तुम्ही मध्ये बोललात का?"

मी नाही म्हटलं. तोही म्हणाला की काचेतून त्याला मी दिसत होते, माझे ओठ मिटलेले होते. मग त्यानं बुवांचा माइक बंद केला आणि फक्त माझ्या माइकचा ट्रॅक लावला. लांबून येणारं बुवांचं गाणं... ते समेवर घाईनं आले... आणि अगदी जवळून, माइकला तोंड लावल्यासारखा, एका वयस्कर बाईचा शांत आवाज.

"बाबल्या, घाई करू नकोस. परत घे."

दुसऱ्यांदा घाई झाली तिथं पुन्हा तेच. तोच स्वर, कंटाळा नाही की राग नाही. शिकवणाऱ्या बाईचा आवाज.

आम्ही काय काय तपासलं ते सांगत बसत नाही. केबल बदलून पाहिली, जुनं रेकॉर्डिंग मिसळलंय का पाहिलं, बुवांच्या मोबाइलवरून आला म्हणावं तर तो त्यांच्या माइकवर आधी यायला हवा होता. त्या ट्रॅकवर त्या आवाजाचा मागमूस नव्हता. माझ्या हातावर काटा आला होता. मेल्विननं छातीवर क्रुसाची खूण केली.

हा बाबल्या कोण ते बुवाच सांगू शकत होते, त्यांना ऐकवणं भाग होतं. मला वाटलं, हा माणूस हादरेल. रडेल कदाचित. मनातून मला तेच बघायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी बुवा आले, हेडफोन लावला. पहिल्या "बाबल्या"ला त्यांचं तंबाखू चघळणं थांबलं. दुसऱ्यांदाही ऐकलं. मग हेडफोन काढून शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात थुंकले, आणि हसत म्हणाले, "म्हातारी अजून चुका काढतेय."

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं! कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, सगळं. आणि त्याउपर हसू आलं. घाबरले नाहीत, शरमले नाहीत. आमच्या मॅनेजरना बोलावून म्हणाले की हा आवाज काढून टाका आणि मूळ फाइलही ठेवू नका, उगाच लोक काहीबाही पसरवतील. मॅनेजरांना बुवांच्याच शिष्यांच्या कार्यक्रमांची गरज होती. ते लगेच हो म्हणाले. मेल्विननं डिलीट करायला साफ नकार दिला.

मी केलं. कशाला वाद, असं मनाशी म्हणत गाण्याच्या भागातला माझ्या माइकचा सगळा ट्रॅक पुसला आणि मूळ फाइलही पुसली. घरी येऊन साबणानं तीनदा हात धुतले तरी काहीतरी चिकटलंय असं वाटत होतं.

रविवारी अकराला कार्यक्रम लागला. मी आणि मेल्विन केंद्रातच होतो, शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं. गाण्यात फक्त बुवा आणि तबला-तानपुरा. संपल्यावर दहा मिनिटांत केंद्राचा फोन वाजला. वसईहून एक म्हाताऱ्या बाई बोलत होत्या, कुमुदताई, शालिनीबाईंच्या धाकट्या बहीण. मी त्यांना ओळखत नव्हते, त्याही मला नाही.

म्हणाल्या, "ताईचा आवाज ऐकवलात, बरं वाटलं हो. बाबल्याला तशीच सांगायची ती."

मी त्यांना विचारलं, काय ऐकलंत? त्यांनी शब्द जसेच्या तसे सांगितले. आणि पुढे जे म्हणाल्या ते आम्ही रेकॉर्डिंगमध्येसुद्धा ऐकलं नव्हतं. गाणं संपल्यावर म्हणे ताई म्हणाली, "माझी वही आण आता."

त्या संध्याकाळी मी आणि मेल्विन त्यांच्या घरी गेलो. वहीचं त्यांनी सांगितलं. शालिनीबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. बुवा एकदाच आले, झेरॉक्स काढून आणतो म्हणून बंदिशींची वही घेऊन गेले, आणि परत फिरकले नाहीत. बाई रोज विचारायच्या, बाबल्या आला का? कुमुदताई हे सगळं साध्या आवाजात सांगत होत्या, आम्हाला केळी खायला देत.

दुसऱ्या दिवशी मी बुवांच्या क्लासला गेले. शिष्य बसलेले होते, त्यांच्यासमोरच विचारलं, शालिनीबाईंची वही कुठाय? म्हणाले, "ती केव्हाच रद्दीत घातली. पाठ झाल्यावर काय करायची?" आणि समोरच्या मुलीला म्हणाले, चल, पुढची ओळ घे.

मग मी एक केलं. कुमुदताईंना रिक्षानं केंद्रात आणलं. त्यांचा आवाज पार थरथरतो, श्वास पुरत नाही, पण बहिणीच्या अकरा बंदिशी त्यांना तोंडपाठ होत्या. मेल्विननं सगळ्या रेकॉर्ड केल्या. पुढच्या रविवारी, मॅनेजरना न विचारता, आम्ही त्यातल्या चार लावल्या, प्रत्येकीच्या आधी शालिनीबाईंचं नाव घेऊन. बुवांनी "माझी रचना" म्हणून गायलेली मुलतानीची पहिली. पाचवी लावायच्या आधी मॅनेजर धावत आले आणि त्यांनी प्रक्षेपण थांबवलं. कार्यक्रम त्या दिवशी बंद झाला तो कायमचा. मेल्विन आणि मी तिथं परत गेलो नाही. अकराही बंदिशी मेल्विनकडे नीट आहेत, दोन मुली कुमुदताईंकडे त्या शिकायला जातात.

बुवांना काही झालं नाही. आजारी पडले नाहीत, गळा गेला नाही. मागच्या महिन्यात त्यांचा सत्कार झाला, बॅनर आमच्या लॅबसमोरच लागला होता. शाल, हार आणि तेच हसू. आत जाताना रोज मान खाली घालून जायचे.

तो आवाज माझ्या माइकवर कसा आला, आणि पुसल्यावरही वसईतल्या एका रेडिओवर कसा वाजला, मला माहीत नाही. मेल्विन म्हणतो, मीच समोर बसले होते म्हणून माझ्या माइकवर आला... मी काहीतरी बोलेन असं बाईंना वाटलं असेल. पुराव्याची फाइल मागू नका. ती मीच पुसलीय.