दहा वर्षांचे पत्ते

सगळे तिला सिस्टर म्हणायचे, पण ती काही शिकलेली नर्स नव्हती. लग्न मोडल्यावर तिने सहा महिन्यांचा एक कोर्स केला होता. रक्तदाब बघणं, इंजेक्शन देणं, अंथरुणातल्या माणसाला न उठवता खालची चादर बदलणं एवढं तिथे शिकवलं. बाकीचं पेशंटांनीच शिकवलं. गेली एकवीस वर्षं ती चोवीस तासांची बाई म्हणून लोकांच्या घरी राहत होती. पेशंटच्या पलंगाशेजारी तिची सतरंजी पसरलेली, खिडकीच्या गजाला तिचा ओला टॉवेल. घर बदललं तरी हा संसार एका बॅगेत मावायचा. उरलेलं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत भावाच्या घरी होतं. त्या ट्रंकेखालून केर काढताना भावजय मुद्दाम आवाज करायची.

अशा सिस्टरला परदेशी जायचा योग आला. तिने शेवटपर्यंत सांभाळलेल्या एका बाईंची लेक तिकडे डॉक्टर होती. आता तिच्या सासूला सांभाळायला माणूस हवं होतं. "माझ्या आईचं तुम्ही केलंत ते मी डोळ्यांनी बघितलंय," ती फोनवर म्हणाली. "तीन वर्षांसाठी या. बाकी कागद मी पाठवते, व्हिसाचा फॉर्म तेवढा तिथून भरा."

फॉर्म भरून देणारे भाऊसाहेब कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. झेरॉक्सच्या दुकानात, मशीनच्या मागे, त्यांचं टेबल होतं. त्यांना घाई ठाऊक नव्हती आणि खाडाखोड सहन होत नव्हती. नाव, जन्मतारीख, घटस्फोटाचा कागद असं सगळं भराभर उरकलं. चौथ्या पानावर गाडी अडली.

"मागच्या दहा वर्षांतले राहण्याचे सगळे पत्ते," भाऊसाहेब वाचत म्हणाले. "कधीपासून कधीपर्यंत, तारखेसकट. मध्ये एका दिवसाचाही खंड नको."

"भावाचा पत्ता घाला की."

"तिथे राहता?"

"ट्रंक राहते."

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "ट्रंकेला नाही जायचंय परदेशी. तुम्ही कुठे झोपत होता ते सांगा."

सिस्टर बोटं मोजायला लागली. मास्तरीणबाई. त्यांच्यानंतर ऑक्सिजनवाले आजोबा. मग कॅन्सरच्या काकू, चौथा मजला, लिफ्ट बंद. मग त्या दोघी बहिणी, आधी थोरली, मग धाकटी. घड्याळकाका. असं करत सतरा घरं भरली. क्रम तिच्या डोक्यात पक्का होता, पण तारखा म्हटल्या की नुसता गोंधळ. एका घरी गेली तेव्हा स्वेटर घातला होता. एका घरून निघाली तेव्हा रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. असल्या आठवणी फॉर्मच्या कुठल्या रकान्यात घालायच्या?

पुढचा रकाना होता पत्ता सोडण्याच्या कारणाचा.

"मास्तरीणबाईंचं घर का सोडलं?"

"वारल्या."

"ऑक्सिजनवाले?"

"वारले."

सातव्यांदा तेच उत्तर आलं तेव्हा भाऊसाहेबांनी हात कीबोर्डवरून काढून घेतले. "सिस्टर, हे वाचून तिकडचा साहेब घाबरेल हो. म्हणेल, ही बाई आपल्या देशात नको!"

तिला हसू फुटलं. पण बाहेर रस्त्यावर आल्यावर ते सतरा चेहरे एकेक करून डोळ्यांपुढून जायला लागले, आणि आपण हसलो कसे याचंच तिला वाईट वाटलं.

ज्या एजन्सीतून तिला कामं मिळायची ती कधीच बंद पडली होती. तिथलं रजिस्टर कुणाकडे गेलं ते माहीत नव्हतं. तिची स्वतःची नोंद म्हणाल तर प्रत्येक घरी ती एक वही ठेवायची. औषध किती वाजता दिलं, लघवी किती झाली, ताप किती, कूस कधी बदलली. पहिल्या पानावर तारीख, शेवटच्या पानावर तारीख. पण वही त्या घरची. निघताना ती तिथेच ठेवून यायची. म्हणजे तिची दहा वर्षं सतरा घरांच्या कपाटांत होती, किंवा रद्दीत.

"अंदाजे टाका," ती दुसऱ्या खेपेला म्हणाली.

"अंदाजे टाकून खोटं निघालं तर दार कायमचं बंद," भाऊसाहेब म्हणाले. "महिना आहे हातात. फिरा."

तेव्हा ती ज्या आजींकडे होती त्यांची सून रविवारी घरी असायची, म्हणून तेवढा एक वार सुट्टीचा. पहिल्या रविवारी ती मास्तरीणबाईंच्या घरी गेली. दार साखळी लावूनच उघडलं. आतल्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग "अय्या, सासूबाईंची बाई!" म्हणून साखळी काढली. वही केव्हाच रद्दीत गेली होती. पण भिंतीवर मास्तरीणबाईंचा फोटो होता, आणि त्याखाली जन्माची आणि मृत्यूची तारीख. सिस्टरने मृत्यूची तारीख कागदावर उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या घरातून निघाली होती, एवढं तिला नक्की आठवत होतं. मग तिने तीच रीत धरली. घरात शिरायचं, पाणी प्यायचं, भिंत बघायची.

एका घरी मुलाने दारातच अडवलं. त्याच्या आईला तिने चौदा महिने भरवलं होतं. आत पाहुणे बसलेले दिसत होते.

"आमच्याकडे बाई वगैरे कुणी नव्हती," तो मोठ्याने म्हणाला. "आईचं सगळं मीच केलं. तुमचं घर चुकलं."

ती जिना उतरली. खालच्या वळणावर मागून चपलांचा आवाज आला. मुलगा धापा टाकत उभा होता. "एप्रिलच्या तीन तारखेला आलात," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या वर्षी आई गेली, जूनच्या नऊला. लिहून घ्या. सही मात्र मागू नका." ती लिहून घेत असताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "लोकांना एकदा तसं सांगून बसलो," तो म्हणाला, "आता बदलता येत नाही." तिने मान हलवली. तिला राग आला नव्हता. त्या बाई शेवटचे दोन महिने रोज याच मुलाची वाट बघायच्या, ते तिने त्याला सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी एकच घर उरलं, घड्याळकाकांचं. त्यांच्यापुढेही तिने "वारले" असंच लिहायला सांगितलं होतं, पण ते अंदाजाने. सतरा घरांत ते एकच घर असं होतं की जिथून ती पेशंट जिवंत असताना निघाली होती. सहा वर्षं झाली होती त्याला. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला, अंग एका बाजूने गेलं, वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला, "झालं." पाणी हवं असलं तरी झालं, पाठ दुखली तरी झालं. ती सव्वा वर्ष तिथे होती. अंगाखाली मेणकापड घातलेला असा माणूस सहा वर्षं कुठला काढतोय, असा तिचा हिशेब. भिंतीवरची तारीख घ्यायची आणि निघायचं.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. कानाला हेडफोन लावलेला. ती आता घरी बसून कुठल्याशा कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायची. केस पिकले होते. तिने सिस्टरला लगेच ओळखलं, आणि हेडफोन काढून हातात धरला.

"आठ दिवसांत येते म्हणाला होतात," ती म्हणाली.

सिस्टरची नजर सवयीने भिंतीवर गेली. फोटो होता, पण काकूंचा, घड्याळकाकांच्या बायकोचा. चालत्याबोलत्या, भाजी निवडत गप्पा मारणाऱ्या काकू.

"आई जाऊन चार वर्षं झाली. बाबांना उचलताना कंबर धरली, ती सुटलीच नाही. मग एकामागून एक."

"आणि काका?"

आतल्या खोलीतून आवाज आला. "झालं."

सिस्टर आत गेली. तोच पलंग, तीच खिडकी. काकांचं पोट खपाटीला गेलं होतं, हात काठीसारखे झाले होते. पण पाठीला एकही जखम नव्हती. ते तिच्याकडे बघत राहिले. ओळख पटली की नाही कळेना.

"त्यांची कूस बदलायची वेळ झालीये," मुलगी म्हणाली. "धरता का?"

दोघींनी धरून त्यांना वळवलं. सिस्टरने पाठ पुसली, पावडर लावली, गुडघ्यांमधे उशी दिली. तिचे हात आपोआप चालत होते. मग मुलीने टेबलाच्या खणातून वह्यांचा गठ्ठा काढला. एकोणतीस वह्या. सगळ्यांत खालची सिस्टरच्या अक्षरातली. तिच्या शेवटच्या नोंदीखाली, एक ओळ सोडून, मुलीचं अक्षर सुरू झालं होतं आणि ते सगळ्यांत वरच्या वहीत त्या सकाळपर्यंत चालू होतं. तेच रकाने, तीच आखणी.

फॉर्मची गोष्ट सांगून सिस्टरने दोन्ही तारखा उतरवून घेतल्या. चहा पुढे ठेवत मुलगी म्हणाली, "एक विचारू? आमचं काही चुकलं होतं का?"

"नाही."

"मग का गेलात?"

सिस्टरला खोटं बोलता आलं असतं. भावाच्या आजारपणाचं एक कारण तिने तेव्हा सांगितलंच होतं. पण समोर त्या वह्या पडल्या होत्या.

"ताई, मी जाणाऱ्या माणसांची बाई," ती म्हणाली. "तीन महिने, सहा महिने, वर्ष. माणूस जातो, मी बॅग भरते. काकांचं काळीज डॉक्टर तपासायचे आणि म्हणायचे, ठणठणीत. एक दिवस मनात आलं, हे जातच नाहीयेत. आणि ते मनात आलं म्हणून मी घाबरले. त्याच आठवड्यात निघाले."

मुलीने वह्यांचा गठ्ठा सारखा केला. "माझ्या मनात रोज येतं," ती म्हणाली. "मला कुठे जाता येतं?"

चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ती तासाभराची रजा काढून गेली तेव्हा भाऊसाहेबांनी सगळ्या तारखा जुळवल्या. घड्याळकाकांपाशी आल्यावर विचारलं, "वारले ना?"

"नाही. खोडा ते. मी सोडून आले."

त्यांनी वर बघितलं. 'काम सोडले' असं लिहिलं आणि पान उलटलं.

सव्वादोन महिन्यांनी व्हिसा आला. निघायला पाच रविवार होते. पहिल्याच रविवारी सिस्टर पुन्हा त्या घरी गेली. "दुपारभर मी बसते," ती मुलीला म्हणाली, "तुम्ही बाहेर पडा." मुलीला आधी कुठे जावं तेच सुचेना. पिशवी घेऊन गेली आणि तासाभरात कोथिंबीर घेऊन परत आली. तिसऱ्या रविवारी केस कापून आली. काका आता सिस्टरच्या हातून मुकाट्याने भरवून घ्यायचे. त्यांचं "झालं" ती पुन्हा ओळखायला लागली होती.

पाचव्या रविवारी मुलगी दोन वाजता गेली. सिस्टरचं विमान बुधवारचं होतं. चार वाजले, पाच वाजले. तिने काकांना दूध पाजलं, कपडे बदलले. सहाला फोन लावला तर तो आतल्याच खोलीत, उशीखाली वाजला. फोन घरीच ठेवून गेली होती. सिस्टर खिडकीशी जाऊन उभी राहिली, मग दारात, मग पुन्हा खिडकीशी. आपण त्या दिवशी बॅग घेऊन याच गल्लीतून गेलो आणि मागे काकू अशाच उभ्या राहिल्या असतील, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

"झालं," काका म्हणाले. हे पाण्याचंही नव्हतं आणि पाठीचंही नव्हतं.

"येतील हो," ती म्हणाली. "येतील." कुणाला सांगत होती कोण जाणे.

पावणेआठला जिन्यात पावलं वाजली. मुलगी आत आली, चपला काढल्या, हात धुतले. डोळे सुजले होते.

"बसस्टँडवर बसले होते," ती म्हणाली. "लांबच्या तीन गाड्या सुटल्या डोळ्यांदेखत. तिसऱ्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला होता."

"मग?"

"कंडक्टरने विचारलं, कुठे. मला काही सांगताच येईना."

सिस्टर तिच्याजवळ गेली, पण तिला कवेत घ्यायचं धाडस झालं नाही. तिने नुसता तिच्या दंडावर हात ठेवला. मुलीने तो झटकलाही नाही आणि धरलाही नाही. "साडेसातची कूस राहिली असेल," असं म्हणून ती आत गेली. सिस्टरने बॅग उचलली. निघते म्हणाली तेव्हा आतून "हं" एवढंच आलं.

बुधवारी ती गेली. तिकडे डॉक्टरबाईंची सासू काठी घेऊन हिंडत होती, बोलायला खमकी होती. काम हलकं होतं, खोली स्वतंत्र होती, खिडकीला गज नव्हते. पहिले काही दिवस सिस्टरला पलंगावर झोपच लागेना.

तिथून तिने घड्याळकाकांच्या घरी दोनदा फोन केला. पहिल्यांदा मुलीने उचलला, दोन शब्द बोलली आणि फोन काकांच्या कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. सिस्टर इकडून बरंच काही बोलली, हवेचं, जेवणाचं, सासूबाईंच्या तिखट जिभेचं. दुसऱ्यांदा तीन महिन्यांनी केला. घंटी पूर्ण वाजली आणि बंद झाली. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग सासूबाईंनी हाक मारली, म्हणून ती उठली. त्यानंतर कित्येकदा तिने फोन हातात घेतला, नंबर काढला, पण लावला नाही.