रामघाटावरच्या काकूंची गोळी

विमान वाराणसीला उतरलं तेव्हा खाली शहर असल्याची काही खूणच दिसत नव्हती. सगळीकडे जानेवारीचं दाट धुकं. मी पेशींमधल्या निरोपांवरच्या परिषदेला आले होते. प्रथिनावर फॉस्फेटचा इवलासा तुकडा चिकटला की ते कामाला लागतं, निघाला की थांबतं. पेशीतले कितीतरी निरोप असेच पुढे सरकतात. असं एकच प्रथिन मी पुण्याच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं अभ्यासते आहे.

विद्यापीठाचं अतिथिगृह भरलेलं होतं, म्हणून रामघाटाच्या गल्लीत मैत्रिणीच्या काका-काकूंकडे उतरले. पिढ्यानपिढ्या काशीत राहिलेलं मराठी घर. काका निवृत्त शिक्षक, मितभाषी. काकू दारातच म्हणाल्या, "ये, ये. किती ठंड आहे बघ! आधी चाय घे, मग बाकी बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी मलइयो (केशर घातलेला, जिभेवर ठेवताच विरणारा दुधाचा फेस) खाल्लं आणि परिषदेला जायला घाटावरून नाव धरली. चढताना पाय घसरला. मी सावरले, पण माझ्या संशोधनाच्या पोस्टरचं नळकांडं पाण्यात गेलं. नावाड्याने ते वल्ह्याने ओढून वर काढलं. "गंगाजी ने पढ़ लिया, मैडम. अब पास समझिए," तो म्हणाला. पोस्टर दुसऱ्या दिवशी लावायचं होतं, हे नशीब.

दुपारी परतले तेव्हा धुकं विरून गच्चीवर ऊन आलं होतं. तिथून बालाजी घाटापर्यंतची छपरं आणि पलीकडची वाळू दिसत होती. ओलं पोस्टर पसरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. माकडांना हाकलायला काकू काठी घेऊन शेजारी बसल्या. बराच वेळ त्या चित्र बघत होत्या.

"हे काय आहे गं?"

मी प्रथिनाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"हे नाव तर माझ्या डॉक्टरनी सांगितलेलं. रक्ताची बीमारी आहे मला. त्याचीच गोळी घेते." मग जिन्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "घेत होते. दिवाळीपासून बंद केली. यांना माहीत नाही."

"का, काकू?"

"रिपोर्ट चांगला आला. गोळीने डोळे सुजतात, जी मचलतं, खाल्लेलं वर येतं. बरी झाले तर खामखा कशाला?"

मी हादरले. हे प्रथिन मी काचेच्या बशीत, पडद्यावर, आलेखात पाहिलं होतं. त्याच्यावर ज्याचं जगणं अवलंबून आहे असं माणूस कधी भेटलं नव्हतं.

"तुमच्यातलं हे प्रथिन थांबायचं विसरलंय," मी म्हटलं. "रक्ताच्या पेशींना सारखं 'वाढा, वाढा' असा निरोप पाठवतं. गोळी त्याचं तोंड दाबून धरते. पण प्रथिन जात नाही, तिथेच राहतं."

"म्हणजे हात काढला की पुन्हा चिल्लावणार?"

"तशी भीती असते. पण मी डॉक्टर नाही, काकू."

काकू काठी विटेवर हळूहळू आपटत राहिल्या. "यांना सांगू नकोस," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पोस्टरच्या सुरकुत्या पाहून लोक हसले. मला त्याचं काही वाटलं नाही. जेवणाच्या रांगेत रक्ताचे आजार पाहणारे इथलेच एक डॉक्टर भेटले. नाव न सांगता त्यांना विचारलं. "काही जणांची गोळी थांबवतोही," ते म्हणाले, "पण वारंवार रक्त तपासत. मनानेच थांबवणं धोक्याचं. त्यांना उद्याच पाठवा."

संध्याकाळी मी ते जसंच्या तसं काकूंच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकलं आणि भाजी चिरायला घेतली. पण सकाळी कचौडी वाढता वाढता मध्येच थांबून म्हणाल्या, "अहो, मी दवाई बंद केली आहे."

काकांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता आवाज चढणार. ते उठले, हात धुतले, खुंटीवरची काकूंची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

"चल," म्हणाले. "नाश्ता परत आल्यावर करू."

मी विमानतळाकडे निघाले तेव्हा ते दोघे गल्लीच्या वळणावर रिक्षाला हात करत होते.

पुण्यात काही दिवसांनी फोन आला. आजार पुन्हा डोकं वर काढू लागला होता, पण वेळेत कळलं. गोळी सुरू झाली, मळमळीवरही औषध मिळालं. "डॉक्टर खूप रागावले," काकू म्हणाल्या, "पण हिंदीत. मराठीत रागवायला घरी हे आहेतच."

त्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांना हे प्रथिन शिकवायचं होतं. एरवी मी फळ्यावर आकृती काढून सुरुवात करते. या वेळी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "काशीत एक बाई राहतात."