मामांना परत केलेली टिप

कापूरहोळच्या फाट्यावर आमचं हॉटेल आहे. आमचं म्हणजे शेठचं, मी वाढपी. पण रश्श्याची वाटी मी ठेवली की तिला वेगळीच चव येते, हे पुण्यापासून साताऱ्यापर्यंत कुणालाही विचारा. एका ट्रक डायव्हरला आमच्या रश्श्यानं असा ठसका लागला, की तो घाट उतरून पार झाला तरी आम्हाला इथं ऐकू येत होता.

तर एका सकाळी कामथडीहून आत्याचा फोन आला. माझं लग्न जमवायचं तिनं मनावर घेतलं होतं. आमच्या हिर्डोशी गावात बिनलग्नाची पोरं इतकी साठलीत, की त्यांची वेगळी ग्रामपंचायत काढता येईल.

"येल्ह्याकडचं स्थळ हाय," आत्या म्हणाली. "आज पोरीचं मामा तुला बघाया येनार हायत. सांगनार न्हाईत. गिऱ्हाइकावानी जेवतील आन जातील."

"मग वळखू कसं?"

"वळखूच नगं. आन ऐक, तू म्यानेजर हायस म्हनून सांगितलंय म्या. वाढप्याला कोन पोरगी देतंय? आज टिपा-बिपा घेऊ नगंस. हात पसरल्यावानी दिसतं."

फोन ठेवला आणि माझं चित्त उडालं. फाट्यावर एसटी थांबली की मी दारात. उतरणारा प्रत्येक टोपीवाला मला मामाच दिसे. एका म्हशीच्या व्यापाऱ्याला मी इतक्या प्रेमानं वाढलं, की तो मला दत्तक घ्यायच्या बेतात होता. पाणी द्यायला गेलो की वाटे, मामा मागच्या टेबलावर बसलेत. मागं धावलो की वाटे, पुढचेच खरे. शेठ गल्ल्यावरून ओरडले, "आरं, अंगात आलंय का काय तुज्या?"

टिप तर कुणाचीच घेतली नाही. नेहमीच्या एका डायव्हरनं दहाची नोट ठेवली, ती मी परत केली. तो माझ्याकडं बघतच राहिला. "का रं? माजा पैसा खोटा हाय व्हय?" म्हणाला आणि बडीशेपही न खाता गेला.

दुपारी कोपऱ्यात एक म्हातारबा येऊन बसले. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत होते, गिळत नव्हते. मी बघितलं, पुढचे दात नव्हते. आत गेलो, तव्यावरची ताजी भाकरी घेतली, वरचा मऊ पापुद्रा तेवढा काढला, रश्श्यात कुस्करून वाटी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांनी वाटी पुसून खाल्ली.

उठताना त्यांनी बडीशेपेच्या ताटलीखाली पन्नासची नोट सरकवली. माझ्या डोक्यात आत्या ओरडली. नोट घेऊन मी त्यांच्यामागं पळालो. ते वडापच्या जीपमध्ये चढत होते.

"ओ पावणं, तुमचं पैसं ऱ्हायलं!"

"ऱ्हायलं न्हाईत. ठिवलंत."

"आमच्यात चालत न्हाई. म्या म्यानेजर हाय!" असं म्हणून मी ती नोट त्यांच्या खिशात कोंबली आणि छाती काढून परत आलो.

संध्याकाळी आत्याचा फोन. "मुडद्या, त्येच मामा हुतं!"

"मग बरंच झालं की. इमानदार हाय म्हनालं असतील."

"म्हनालं, पोराला मान्साची पारख हाय. न सांगता भाकरी मऊ करून दिली. पन म्या मानानं दिलं, त्ये त्यानं फाट्यावर चारचौघांत माज्या खिशात कोंबलं. उद्या आमी पोरीला चोळी-बांगडी केली, तर तीबी अशीच परत करील. आता पुन्याचं कंपनीतलं स्थळ बघत्यात त्ये."

पुढचे काही दिवस मला ना झोप, ना जेवण. माझ्या येरझाऱ्यांनी हॉटेलची फरशी एवढी झिजली, की शेठनी नवी बसवायचं काढलं होतं. डोक्यात एकच. लोक मला विचारतात, पगार मिळतो ना, मग टिप कशाला? पगार मिळतो स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत ताट आणण्याचा. समोरच्याला दात नाहीत, हे बघण्याचा पगार कुठलाच शेठ देत नाही. ते ज्याचं त्यानं बघितलेलं असतं, आणि खाणाऱ्याला ते पोचलं, हे सांगायला त्याच्याकडं ती बडीशेपेची ताटली असते. आता सगळे मोबाईलवर बिल भरतात आणि 'सुट्टे न्हाईत' म्हणून निघतात, तेव्हा पैसा राहतो बाजूला. आपलं पोचलं का नाही, हेच कळत नाही. आणि माझ्या कामाला ज्यानं पोचपावती दिली, त्यालाच मी ती परत केली होती. त्या डायव्हरलाही.

मग एक दिवस मामा आले. या वेळी बरोबर एक मुलगी, त्यांची भाची. नोट परत करणारा पोरगा तिला स्वतः बघायचा होता, हे मला नंतर कळलं. दोघं त्याच कोपऱ्यात बसले. माझ्या हातातली पाण्याची भांडी अशी वाजत होती, की बाहेरच्यांना वाटलं वरात आली.

जेवण झालं. मग हात पुसत ती म्हणाली, "हितं म्यानेजर कोन हाय?"

मामा छताकडं बघायला लागले.

"त्ये गल्ल्यावर बसल्यात, त्ये शेठ," मी म्हणालो. "म्यानेजर कुनी न्हाई. म्या वाढपी."

"आत्या तर येगळंच सांगत हुत्या."

"आत्याला सवय हाय. आमच्या घरान्यातच हाय जरा."

तिनं हसू ओठांत दाबलं. पर्स उघडली, नोट काढली, ताटलीखाली ठेवली आणि उठली नाही. बसून राहिली, माझ्या हाताकडं बघत. पलीकडच्या टेबलावर चौघे जेवत होते, शेठ बघत होते. मी नोट उचलली, कपाळाला लावली आणि सगळ्यांदेखत खिशात घातली.

"मामा," ती म्हणाली, "म्होरलं बोला आता."

आता आम्ही दोघं कधी भोरला जेवायला जातो. ताटलीखाली टिप तीच ठेवते. बाहेर पडल्यावर मात्र मी रस्त्याच्या कडेला पोचेपर्यंत चारदा तरी मागं वळून बघतो, आतून कुणी नोट घेऊन पळत येतंय का.

"चला," ती म्हणते. "समदे तुमच्यावानी नस्त्यात."