विहिरीच्या चौकातला हात

चौकात दिवसभर उभं राहणाऱ्या पोलिसाकडे किस्से मागावे लागत नाहीत, आपोआप साचतात. ड्युटी संपली की आम्ही चौघे शिपाई चहाला बसायचो आणि एकेक निघायचा. खूप हसायचो. आता आठवताना तेवढं हसू येत नाही.

वऱ्हाड तेव्हा सीपीत, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांतात होतं. मी अमरावतीहून बदलून अकोल्याला आलो आणि विहिरीच्या चौकात लागलो. पाच रस्ते एकत्र येतात आणि नेमकी मधोमध जुनी विहीर. ती बुजवायला गावकरी तयार नाहीत, म्हणून पोलिसाचा ओटा तिच्या कडेला बांधलेला. आमच्यात सगळ्यात जुने गुलाबराव. होते साधे शिपाईच, पण लोक जमादार म्हणत. मी पहिल्या दिवशी त्यांना विचारलं, "कोणत्या रस्त्यावर नजर ठेवायची?"

"कोनताबी रस्ता पाय. दिवसभरात विहिरीत कोनी गेलं नाई म्हंजे ड्युटी झाली."

*

साहेबांनी एकदा तिथे लाकडी हात बसवला. उंच खांब आणि त्याला लाल रंगाची फळी. दोरी ओढली की फळी रस्त्यावर आडवी व्हायची. कापसाचा हंगाम आला, अकोटकडून गाड्या सुरू झाल्या. एका गाडीच्या कापसात फळी रुतली, मोडली आणि गाडीसोबत निघून गेली.

संध्याकाळी सरकी काढायच्या कारखान्याचा, जीनचा चौकीदार ती घेऊन आला. "हा घ्या तुमचा हात. कापसासंगं काट्यावर तोलला गेला."

"मंग शेटजी काय म्हणे?" गुलाबरावांनी विचारलं.

"म्हणे, यंदाचा कापूस वजनदार आहे."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गुलाबरावांचाच हात.

*

लग्नसराईत एकदा एका रस्त्याने वाजतगाजत वरात आली आणि दुसऱ्याने तिरडी. गुलाबरावांनी वरात थांबवली. नवरदेवाचा मामा तावातावाने ओट्याशी आला. "जमादार, आमचा मुहूर्त जाऊन राहिला!"

गुलाबराव तिरडीकडे बघत म्हणाले, "त्याचा गेला."

मामा गुपचूप मागे गेला. बँडवाल्यांनी वाजवणंही बंद केलं.

*

पुढच्या हंगामात एका गाडीचं जू गुलाबरावांच्या उजव्या खांद्यावर आदळलं. हाड बसलं, पण हात छातीच्या वर जाईना. डावा तर आधीपासूनच संधिवाताने धरलेला. ही गोष्ट वर कळली असती तर नोकरी जाणार होती. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, औषधपाणी सगळं त्या पगारावर. आम्हाला त्यांची फार काळजी वाटायची.

सदाशिव माळी रोज भाजीची गाडी घेऊन त्या चौकातून जायचा. मी त्याच्या कानावर घातलं. तो थेट ओट्याशी गेला.

"हात कायले पायजे, जमादार? तुमचं तोंड आमच्याकडं असलं का आमी थांबतो. पाठ फिरवली का निघतो. मी सांगतो समद्यायले."

आणि त्याने खरंच सगळ्या गाडीवानांना सांगितलं. काही महिन्यांत बैलांनाही सवय झाली. गाडीवान पेंगत असला तरी बैल ओट्यासमोर आपसूक उभे राहायचे.

*

मग साहेब तपासणीला आले. बराच वेळ विहिरीच्या कठड्याशी उभे राहून बघत होते. गाड्या येत होत्या, थांबत होत्या, वळत होत्या. कुठे आरडाओरड नाही. आम्ही चौघे मनातून खूश होतो. जाताना साहेबांनी गुलाबरावांची पाठ थोपटली, नेमकी दुखऱ्या खांद्यावर. गुलाबराव हसले.

आठवड्याने हुकूम आला. या चौकात हाताचा इशारा न करताही वाहतूक शिस्तीत चालते, तेव्हा इथे शिपायाची गरज नाही. आम्हा तिघांना दुसरे चौक मिळाले, पण गुलाबरावांना दुसरीकडे लावायचं तर वयामुळे डॉक्टरची तपासणी आली. डॉक्टरने पहिल्यांदा हेच सांगितलं, "दोन्ही हात वर करा."

गुलाबराव वर्दी जमा करायला निघाले तेव्हा मी सोबत होतो. वाट विहिरीच्या चौकातूनच होती. रिकाम्या ओट्यासमोर गाड्यांची रांग लागली होती. पुढे सदाशिवची गाडी, बैल जागेवरून हलेनात. मागचे ओरडत होते, "काहून थांबला बे?"

गुलाबराव ओट्यापाशी थांबले. अंगात सदरा-धोतर, काखेत वर्दीचं गाठोडं. सदाशिवने त्यांना पाहिलं आणि विचारलं, "जमादार, जाऊ का?"

गुलाबरावांनी त्याच्याकडे, बैलांकडे पाहिलं. मग त्यांनी पाठ फिरवली.

गाड्या निघाल्या.